घरी कोणी नेलं?

माझ्या पहिल्या कादंबरीत सात खून होते आणि मला त्यांचा फार अभिमान होता. हस्तलिखित नैरोबीच्या प्रकाशकाकडं गेलं आणि संपादनासाठी परत आमच्याच किसुमूत आलं, माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर. महिन्याभरानं ते माझ्या हातात पडलं तेव्हा तिसऱ्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: "मोलकरीण स्वयंपाकघरात मरून पडली आहे. पान एकतीसनंतर तिचं नावही नाही. हिला घरी कोणी नेलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, मोलकरीण मेली ती गुप्तहेराला सुगावा मिळावा म्हणून. सुगावा मिळाला, तिचं काम झालं. मी तसं कळवलं. उत्तर दोन ओळींचं आलं: "म्वालिमू, काम झालं म्हणून माणसाला फरशीवर कुजत ठेवत नाहीत. उत्तर द्या, नाहीतर तिला मारू नका."

मी शाळामास्तर, म्हणून मला सगळे म्वालिमू म्हणतात. पण इतक्या तुच्छतेनं ते कोणी म्हटलं नव्हतं. भांडायला म्हणून मी त्या संपादिकेच्या घरी गेलो आणि अडीच तासांनी मोलकरणीला एक भाऊ, एक गाव आणि गावी जाणारी बस देऊन परत आलो. ही सायप्रोज आमोंडीची आणि माझी ओळख.

सायप्रोज माहेरची उगेन्याची, म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणं अख्खी गल्ली तिला न्यार उगेन्या, उगेन्याची लेक, म्हणते. राग सदा नाकावर. नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, तो छातीच्या दुखण्यानं गेला. दोन्ही मुली लग्न होऊन एल्डोरेटला. बावीस वर्षं तिनं कोर्टात टायपिस्टचं काम केलं. मृत्यूच्या चौकशीचे कागद तिच्या टेबलावर यायचे. "अनोळखी पुरुष, वय अंदाजे वीस" हे शब्द तिनं इतक्यांदा टाइप केले की शेवटी शेवटी बोटं आपसूक चालायची, आणि त्या दिवसांत मला माझीच बोटं आवडेनाशी झाली, असं ती सांगते. नोकरी सुटल्यावर वेळ जावा म्हणून तिनं एक खुनाची कादंबरी विकत घेतली. वेळ कसला जातोय, डोक्यात तिडीक गेली. चाळिसाव्या पानावर मेलेला माणूस बावन्नाव्या पानावर मृत्युपत्रावर सही करत होता. तिनं प्रकाशकाला चौदा पानांचं पत्र लिहिलं. प्रकाशक धूर्त. त्यानं पत्राला उत्तर दिलं नाही, पुढच्या कादंबरीचं हस्तलिखितच पाठवून दिलं.

तेव्हापासून साठेक कादंबऱ्या तिच्या हाताखालून गेल्या. पद्धत ठरलेली. आलेली फाइल बसथांब्याजवळच्या दुकानातून कागदावर छापून आणायची, सकाळी चहा आणि दोन तळलेल्या गोड मांदाझी घेऊन ओसरीवर बसायचं, केसांत खोवलेली मऊ पेन्सिल काढायची. शेजारी निळी वही. त्या वहीत प्रत्येक पुस्तकातल्या मेलेल्यांची यादी: कोण, कुठं पडला, कोणाला सापडला, आईला कोणी कळवलं, घरी कोणी नेलं. शेवटचा रकाना भरल्याशिवाय पुस्तक तिच्या घरातून बाहेर पडत नाही. आमच्यात मेलेल्याला गावी नेऊन त्याच्या स्वतःच्या अंगणात पुरतात. त्यासाठी मंडळ बसतं, बस ठरते, चार भांडणं होतात, माणूस घरी पोचतो. आमचे लेखक मात्र मुडदा टाकून पुढच्या प्रकरणात नायकाला बिअर पाजायला घेऊन जातात. नैरोबीत आम्ही रहस्यकथावाले जमलो की तिची नक्कल व्हायची, घोगरा आवाज काढून: "बाळा, ह्याला घरी कोणी नेलं?" हसून हसून पोट दुखायचं. मीही हसलोय. ते आठवलं की स्वतःच्या दोन मुस्कटात माराव्याशा वाटतात.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिन ओदेराची, म्हणजे ओदेराच्या आईची, मासे तळायची जागा आहे. चार खांब, वर पत्रा, चूल आणि न्हाणीघरातल्या घंगाळाएवढी कढई. ओदेरा तिचा थोरला. एकोणीस वर्षांचा असताना तो सायकलवर मागं गिऱ्हाईक बसवून पोचवायचं काम करायचा. एका मंगळवारी दुपारी त्याची सायकल रस्त्याकडेला सापडली आणि पोरगा नाही. पोलिसांनी सांगितलं, दरोडेखोरांच्या टोळीतला होता, सरहद्द ओलांडून युगांडात पळाला. विषय संपला. त्या दिवसापासून ती चोराची आई झाली. मासे घेणाऱ्या बायका मासे घेत, पण नातवाच्या बारशाला तिला बोलवत नसत.

ज्याचं प्रेत हाती लागत नाही त्याच्या नावानं आम्ही यागोच्या झाडाचं फळ पुरतो. लांबट, जड, दंडाएवढं फळ. कापडात गुंडाळायचं, खड्ड्यात ठेवायचं, रडायचं आणि मोकळं व्हायचं. मिन ओदेराचा दीर तीनदा ते फळ काखोटीला मारून आला. तिसऱ्यांदा तिनं त्याच्यावर तापलेला झारा उगारला.

"फळ तुझ्या बापाच्या नावानं पूर! माझं पोर झाडाला लागलं नव्हतं!"

"अगं, धाकट्याचा तरी विचार कर," दीर लांब उभा राहून ओरडला. "थोरल्याचं काही लागल्याशिवाय ओउमानं अंगणात घर कसं बांधायचं? तिशी उलटली त्याची. बायको काय कढईत आणून ठेवणार आहे?"

"बसेल तो. त्याच्या भावाची वाट बघत बसेल."

ओउमा तिथंच माशांचे खवले काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

अधूनमधून कोणीतरी यायचाच. मी तुमच्या मुलाला कंपालात पाहिलं, जिंजात पाहिलं, जाडजूड झालाय, तुमची आठवण काढतो. मिन ओदेरा त्याला बसवायची, मक्याची उगाली आणि मासा वाढायची, खाऊ द्यायची आणि मग विचारायची, "तो गेला तेव्हा त्याच्या पँटीचा खिसा फाटला होता. मी शिवला होता. कुठल्या दोऱ्यानं?" कोणी म्हणे पांढऱ्या, कोणी काळ्या. एकानं तर शपथेवर लाल सांगितला. "चल, हात धू आणि चालायला लाग," ती म्हणायची. तो प्रश्न अख्ख्या बाजाराला पाठ होता. उत्तर तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. पोलिसांतल्या तक्रारीतसुद्धा तिनं ते लिहू दिलं नव्हतं, ओउमालाही सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी, ओदेरा जाऊन अठरा वर्षं होत आली तेव्हा, नैरोबीहून सायप्रोजकडं एक हस्तलिखित आलं. 'सरोवराकाठचा बिबळ्या'. लेखक निकोडेमस राडिंग, निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर. आमच्याच भागात नोकरी केलेला, आमच्यातलाच, आता चर्चमधला मोठा माणूस, रविवारी पांढराशुभ्र सूट. प्रकाशकानं कळवलं, तुमच्या गावची कथा आहे, गल्लीबोळ तुम्हाला माहीत, नीट तपासा. 'बिबळ्या' म्हणजे कथेतला शूर इन्स्पेक्टर. तो चारशे पानं गुन्हेगार टिपत जातो. एकोणिसाव्या प्रकरणात तो एका सायकलवाल्याला अडवतो, सायकलवाला पिस्तूल काढतो, बिबळ्या त्याला लोळवतो. पुढचं प्रकरण बिअरचं.

सायप्रोजला त्यात काही वेगळं वाटलं नाही. प्रकरण कच्चं वाटलं, एवढंच. तिनं शेरा लिहिला: "दोन्ही हात हँडलवर, मागं गिऱ्हाईक. पिस्तूल कुठल्या हातानं काढलं?"

राडिंगचं उत्तर तिनं मला नंतर दाखवलं. "वा, भगिनी! बरोबर पकडलंत. पिस्तूल काढून टाकतो. बिबळ्याला फक्त वाटलं की आहे."

"नव्हतं हे कळल्यावर बिबळ्यानं काय केलं? वाचक विचारील."

"घाबरला. तोही तरुणच होता. बरोबरचा हवालदार म्हणाला, आता ह्याला नाहीसा करू."

"मागं बसलेलं गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईकच नव्हतं. सायकल रिकामी होती. घरी चालला होता जेवायला."

बघता बघता ते प्रकरण सुधारत गेलं. खोटं रचलेलं तिच्या एका प्रश्नापुढंही टिकत नव्हतं, म्हणून लेखक दर वेळी थोडं थोडं खरं घालत होता. तिला काय माहीत! चांगलं जमतंय म्हणून तिला आनंद होत होता. हे तिनं मला पुढं कबूल केलं. त्या आनंदाच्या भरात तिनं आणखी एक शेरा लिहिला: "मेलेला पोरगा नुसतं पोतं वाटतो. त्याच्या अंगावरची एक तरी गोष्ट दाखवा, म्हणजे तो डोळ्यांपुढं येईल."

नऊ दिवसांनी नवीन पानं आली. त्यात होतं: "त्याच्या पँटीचा उजवा खिसा फाटलेला होता. कोणीतरी तो कोळ्यांच्या जाळ्याच्या हिरव्या दोऱ्यानं शिवला होता."

त्या दिवशी सायप्रोजनं घरातले सगळे कपडे धुतले. पडदे धुतले, चादरी धुतल्या, धुतलेले कपडे पुन्हा धुतले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत ती माझ्या शाळेत आली. हातांची कातडी सोलवटलेली होती. मला फळ्यामागच्या खोलीत ओढून नेऊन तिनं ते पान माझ्या नाकासमोर धरलं.

मी वाचलं. आणि मग मी जे बोललो ते इथं लिहितोय, कारण दुसऱ्यांची पापं सांगताना आपली झाकणं बरं नाही.

"न्यार उगेन्या, ह्यात पडू नकोस," मी म्हणालो. "कादंबरी आहे. तो म्हणेल, सगळी कल्पना. तू गुप्ततेच्या कागदावर सही केलीयस. काम जाईल तुझं. आणि दोरा काय, हजार जणांचे खिसे जाळ्याच्या दोऱ्यानं शिवलेत इथं."

"संपलं?"

"आणि माणूस बडा आहे."

"मी त्याला मुद्दाम लिहिलं," ती म्हणाली, "की खिशाचं वर्णन जास्तीचं वाटतं, काढू का? काय उत्तर आलं, माहितीये? 'राहू द्या. ते तसंच होतं.' तसंच होतं, म्वालिमू! साठ लेखकांनी मला हे वाक्य ऐकवलंय. तूही ऐकवलंस. साठही वेळा मी म्हटलं, तसंच होतं म्हणून पुस्तकात चालत नाही. ह्या एका वेळी मला वाटलं, त्याच्या नरड्यावर बसावं."

"हळू बोल. मुलं आहेत बाहेर."

"तुझ्या मोलकरणीला तू शेवटी कोणाबरोबर घरी पाठवलंस?"

"भावाबरोबर."

"कागदावरच्या बाईला भाऊ मिळाला. आणि ओदेरासाठी तू मला हळू बोल म्हणतोस. तो दररोज तुला शाळेत सोडायचा ना रे सायकलवरून? तू त्याच्या मागं बसायचास!"

बसायचो. पाऊस असला की तो स्वतःचं प्लास्टिक माझ्या वह्यांवर टाकायचा. घंटा झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं, इतका मी त्या दिवशी नालायक होतो.

दारात ती थांबली. मला वाटलं, ती तडक कढईकडं जाणार. पण ती म्हणाली, "आत्ता नाही सांगणार तिला. अर्धं घेऊन येणारे अठरा वर्षं तिच्याकडं येतायत. मी पुरतं घेऊन जाईन."

मग पाच आठवडे तिनं त्या माणसाचं संपादन केलं. रोज सकाळी ओसरीवर बसून ती लिहायची, "आदरणीय साहेब, आपली लेखणी बहरते आहे." लिहून झालं की उठून परसातल्या रिकाम्या बादलीला लाथ घालायची. ती बादली अजून आहे, तिला गोल आकार राहिलेला नाही. मी जाऊ लागलो होतो तिच्याकडं. लाजेनं म्हणा. मी चहा करायचो आणि ती काय काय लिहिते ते बघायचो.

"जागा डोळ्यांपुढं येत नाही," तिनं लिहिलं.

"कापसाच्या जुन्या गोदामामागं, यागोच्या झाडाखाली."

"यागोचंच झाड का? वाचकाला हा योगायोग पटणार नाही."

"योगायोग नव्हे, भगिनी! बिबळ्या आपल्यातलाच आहे, मेलेल्याला भितो. म्हणून मुद्दाम त्या झाडाखाली. आणि उजव्या कुशीवर निजवला, पुरुषाला निजवतात तसा. हे घालू का? माणुसकी दिसेल."

"माणुसकी!" सायप्रोज ओरडली. समोरच्या घरातली कोंबडी उडाली. "गोळी घालून कुशीवर निजवला, म्हणे माणुसकी!"

कागदावर मात्र तिनं लिहिलं: "जरूर घाला. अंतराचा घोळ आहे. गोदामापासून झाड किती लांब?"

ह्यावर त्या शहाण्यानं नकाशा काढून पाठवला. हातानं काढलेला, गोदाम, झाड, बांध, चाळीस पावलं, बाणानं उत्तर दिशा. खाली स्वतःची झोकदार सही! जन्मभर दुसऱ्यांचे जबाब घेतलेल्या माणसानं स्वतःचा जबाब असा लिहून दिला, का, तर पुस्तक खरं वाटावं, लोकांनी वाहवा करावी. पोलिसांत कोणी त्याला असं धारेवर धरलं नव्हतं. धरणार कोण? सगळे त्याचेच.

मग सायप्रोजनं शेवटचा प्रश्न पाठवला. तोच, ज्यावर आम्ही नैरोबीत हसायचो.

उत्तर त्याच दुपारी आलं. "कुणीच नाही. पण आपल्याला खटकत असेल तर एक ओळ घालू."

एक ओळ घालू! एकवीस वर्षं झाली आज त्या मंगळवाराला, आणि हे तीन शब्द लिहून मी आत्ताही पेन आपटलं.

आम्ही दोघं कढईवर गेलो तेव्हा सकाळचे साडेअकरा असतील. गिऱ्हाईक नव्हतं. मिन ओदेरा नगेगे मासे तळत होती, ओउमा लाकडं फोडत होता.

"या, म्वालिमू. न्यार उगेन्या, आज मोठा घेऊन जा, ताजा आहे. सारखी पुस्तकातली मढी मोजून वाळलीयस."

"मिन ओदेरा, मला विचारा," सायप्रोज म्हणाली.

"काय विचारू?"

"जे सगळ्यांना विचारता ते."

मिन ओदेरा हसली. "तुला गं कशाला? तू काय कंपालाला गेली होतीस?" मग तिनं सायप्रोजच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिचं हसू गेलं. ओउमाची कुऱ्हाड थांबली.

"कुठल्या दोऱ्यानं शिवला होता?" तिनं विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

"जाळ्याच्या. हिरव्या. उजवा खिसा."

कढईत मासा करपायला लागला होता. मिन ओदेरानं तो उलटला. दुसरा उलटला. मग कढईच उतरवून खाली ठेवली आणि कमरेच्या फडक्यानं हात पुसले, एकेक बोट.

"कुठं आहे?" ती म्हणाली.

कोणी मारलं, हे तिनं नंतर विचारलं. बरंच नंतर. ओउमानं आधी विचारलं, कुऱ्हाड हातात घेऊनच, आणि मला त्याच्या पायात अक्षरशः लोळण घ्यावी लागली. सायप्रोज त्याच्यासमोर उभी राहिली. "त्याला तू मारलंस तर तो मेलेला साधू होईल आणि तू चोराचा भाऊ. आधी थोरल्याला घरी ने." कुऱ्हाड खाली आली.

पुरलेला माणूस उकरायला कोर्टाचा हुकूम लागतो. बावीस वर्षं तिनं तेच कागद टाइप केले होते. कुठला अर्ज, कुठली खिडकी, कुठला कारकून जेवायला कधी जातो, सगळं तोंडपाठ. तरी साडेतीन महिने गेले. प्रकाशकाचं पत्र आलं: लेखकाचा विश्वासघात केलात, यापुढं आपला संबंध नाही. दुसऱ्या दोन प्रकाशकांनी पत्रसुद्धा लिहिलं नाही, हस्तलिखितं पाठवणं बंद केलं. आमच्या लेखकमंडळीत तिच्या बाजूनं उभं राहणारे किती? मी मोजले. मला धरून चार. बाकीचे म्हणाले, कला वेगळी, आयुष्य वेगळं. ही तीच माणसं, जी पुस्तकाच्या मलपृष्ठावर 'सत्याचा निर्भीड शोध' असं छापून घेतात!

खणलं ते सकाळी नऊ वाजता, लख्ख उन्हात. सरकारी डॉक्टर, दोन शिपाई, मिन ओदेरानं केलेली वकीलबाई, दीर, ओउमा, आम्ही. चाळीस पावलं दीरानं स्वतः मोजली. नकाशा बरोबर होता, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं इतका बरोबर. कमरेइतक्या खोलीवर तो उजव्या कुशीवर निजला होता. पँट मातीत गेली होती. दोरा गेला नव्हता. जाळ्याचा दोरा तो, सरोवरात कुजत नाही तर मातीत काय कुजणार! कापड नसलेल्या खिशाची शिवण तेवढी पडून होती, हिरवी, अर्धगोल, टोकाला गाठ.

मिन ओदेरा खड्ड्याच्या कडेला बसली. डॉक्टरनं शिवण कागदावर ठेवून पुढं केली. तिनं हात लावला नाही, वाकून नुसतं पाहिलं.

"घाईत शिवला होता," ती म्हणाली. "जायची घाई होती त्याला. म्हटलं, संध्याकाळी नीट शिवीन."

मग ती मोठ्यानं रडली. अठरा वर्षं तिला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. दीर तिच्याशेजारी मातीत बसला आणि "वहिनी, माझं चुकलं" असं म्हणत राहिला.

तपासण्या, कागद, सह्या झाल्यावर त्याला गावी न्यायचं ठरलं. मंडळानं शववाहिका बघितली होती. मिन ओदेरा म्हणाली, "नको. लहानपणी माझ्याबरोबर माशांच्या गाडीतून यायचा, पुढं बसायचा हट्ट करायचा. त्याच गाडीतून जाऊ." म्हणून तो माशांच्या पिकअपमधून घरी गेला. पेटी मागं, आई पुढं. अंगणात उजव्या हाताला त्याला पुरलं. चार महिन्यांनी ओउमाच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या.

राडिंगचं काय झालं, असं विचाराल. काही झालं नाही. तो म्हणाला, कादंबरी म्हणजे कल्पना. मग म्हणाला, ही गोष्ट मला एका हवालदारानं सांगितली होती, तो आता देवाघरी. चौकशी चालू आहे. सायप्रोज दर सोमवारी कोर्टात जाऊन बाकावर बसते आणि कारकुनाला विचारते, कुठवर आलं. कारकून तिला बघून फायलीमागं तोंड लपवतो. शाळांच्या स्मरणिकांची मुद्रितं तपासून ती दिवस काढते, आणि त्यातल्या मुख्याध्यापकांच्या मनोगतांवर खुनाच्या कादंबरीइतकीच चिडते.

गेल्या वर्षी 'सरोवराकाठचा बिबळ्या' दुसऱ्याच प्रकाशकाकडून बाजारात आला. जाड पुट्ठा, चकचकीत वेष्टन. मी आणि सायप्रोज बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. एकोणिसावं प्रकरण होतं. खिसा नव्हता, झाड नव्हतं, पिस्तूल परत आलं होतं. आणि शेवटी ती एक ओळ घातलेली होती: "नंतर त्या तरुणाचा देह सन्मानानं त्याच्या घरी पोचवण्यात आला." आभाराच्या पानावर एका चिकित्सक भगिनीचे आभार होते, जिच्या प्रश्नांनी हे पुस्तक घडवलं.

मला वाटलं, ती पुस्तक फाडणार. तिनं केसांतली पेन्सिल काढली, पान दोनशे चौदा उघडलं, त्या ओळीखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, "घरी कोणी नेलं?" मग दुसरी प्रत घेतली.

"अहो मावशी, पुस्तकं खराब करताय!" दुकानदार धावला.

"खराब करत नाही. दुरुस्त करतेय. तू तुझा गल्ला बघ."

त्या दुकानात सहा प्रती होत्या. पुढच्या दुकानात चार. दुसरी पेन्सिल मी घेतली. बसथांब्यावरच्या फळकुटावर दोन, चर्चच्या पुस्तकघरात तब्बल अकरा. तिथल्या पाद्र्यानं आम्हाला पाहिलं आणि खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. महिनाभर आम्ही हेच केलं. नवीन प्रती आल्या की पुन्हा जायचं. गल्लीत हे सगळ्यांना कळलं होतं. मिन ओदेरालाही, पण ती काही बोलली नव्हती.

शेवटचं दुकान बंदराकडच्या रस्त्यावर. तिथं एकच प्रत होती. सायप्रोजनं पान दोनशे चौदा उघडलं आणि पेन्सिल तशीच हातात राहिली. त्या ओळीवर कोणीतरी निळ्या बॉलपेननं फुली मारली होती. समासात, चौथीनंतर शाळा सुटलेल्या हाताच्या वाकड्या मोठ्या अक्षरांत, एवढंच होतं: "मी नेला. आई."

पानाच्या कोपऱ्यावर तेलाचा अंगठा उमटला होता. सायप्रोजनं पुस्तक मिटलं, फळीवर होतं तिथं ठेवलं आणि पेन्सिल परत केसांत खोवली.